मायलेज कुणी खाल्लं?

ही पोस्ट खरंतर पंधरा दिवसांपूर्वीच टाकणार होतो. तेव्हा टाकली असती तर तिच्यात नुसत्या इथेनॉलला शिव्या असत्या.

माझी गाडी २०१४ ची, शंभर सीसी, कार्बोरेटरवाली. इचलकरंजी ते कोल्हापूर जाऊन-येऊन रोजचे साठेक किलोमीटर. एकेकाळी लिटरला ६० द्यायची. गेल्या महिन्यात टाकी फुल करून, पुन्हा फुल होईपर्यंतचा हिशेब लावला तर ४८! महिन्याला २६ लिटरच्या जागी साडेबत्तीस. पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे साडेसहाशेचा खड्डा. आमच्यासारख्याला तो लागतो.

पोस्ट अर्धी लिहून झाली होती. मिस्त्रींना वाचून दाखवली. ते म्हणाले, "लेका, आधी गाडी मधल्या स्टँडवर लाव आणि मागचं चाक हातानं फिरव."

चाक अर्धा फेराही फिरेना. ब्रेक धरून बसला होता. म्हणजे कित्येक महिने मी एका पायानं ॲक्सिलरेटर आणि दुसऱ्यानं ब्रेक दाबल्यासारखी गाडी चालवत होतो. मागच्या टायरात हवा १८, पाहिजे २८. चेन कोरडी आणि ताणलेली. एअर फिल्टर काढला तर त्यातून आपल्या रस्त्याची निम्मी धूळ पडली. फिल्टर चोंदला की हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून प्लगही काजळीनं काळाकुट्ट. क्लचच्या वायरला ढिलाई नव्हती, त्यामुळे चढाला इंजिन ओरडायचं आणि गाडी जागेवर.

बरं, ऑइल मी वेळेवर बदलतो म्हणून छाती फुगवून सांगत होतो. मिस्त्री नुसते हसले. आपल्याकडे सर्व्हिसिंग म्हणजे ऑइल आणि धुलाई, बाकीचं बघायचं असतं हे कुणी सांगतच नाही.

साताठशे रुपये गेले. पुढच्या दोन टाक्यांचा हिशेब ५७ चा आला.

आता उरलेले तीन किलोमीटर. गाडी अकरा वर्षांची, थोडं वयाचंही असेल. पण सगळं वयावर ढकलू नका. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई२० मध्ये ते २० टक्के. इथेनॉलमुळे मिश्रणातला प्राणवायू वाढतो. नव्या इंजेक्शनवाल्या गाड्या सेन्सरवरून पेट्रोलचं माप जुळवून घेतात, कार्बोरेटरला ती अक्कल नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी आठ-आठ दिवस उभी ठेवत असाल तर कार्बोरेटरची वाटी एकदा उघडून बघा. माझ्या वाटीत पाण्याचे थेंब होते.

आणि हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, ई२० साठी न बनवलेल्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्के घटेल. तरीही २०३० चं उद्दिष्ट २०२५ वर आणलं. मग माहीत असलेल्या तोट्याची भरपाई दरात का नाही? जुन्या गाडीवाल्याला साध्या दरात कमी इथेनॉलचं पेट्रोल निवडायची सोय का नाही? महिन्याला दीड लिटर ही किरकोळ गोष्ट वाटत असेल, तर आपल्या तालुक्यात जुन्या दुचाकी किती आहेत ते मोजा.

आता माझीच अडचण सांगतो. आमचा दीड एकर ऊस आहे. इथेनॉल बंद करा असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? कारखान्याला त्यातून पैसा येतो, बिल वेळेवर निघायला मदत होते, हे मला मान्य आहे. म्हणून माझी मागणी बंदीची नाही, दराची आणि निवडीची आहे. आमदार-खासदारांना टॅग करतोय.

पण त्याआधी, उद्या सकाळी गाडी काढताना मागचं चाक फिरवून बघा. नंतर टाकी ते टाकी हिशेब ठेवा आणि तो आकडा खाली लिहा. गाडीचं वर्षही लिहा.

आबांना पोस्ट वाचून दाखवली. म्हणाले, "सगळं बरोबर लिहिलंस. मागच्या हंगामाचं बिल अजून अडकलंय, तेवढं पण घाल."

घातलं.