मार्च संपला होता

२०२३च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात मुलाकडे होते, तेव्हाची गोष्ट. योसेमिटीला जायला त्याने भाड्याची गाडी घेतली. तो कागदांवर सह्या करत होता, मी गाडीभोवती फेरी मारली. तिथे नंबरप्लेटवर वर डावीकडे महिन्याचं आणि उजवीकडे सालाचं स्टिकर असतं. दरवर्षी नोंदणीचे पैसे भरले की सालाचं नवं स्टिकर मिळतं. आमच्या गाडीवर होतं मार्च, २०२३!

जन्मभर वह्या तपासल्या, त्यामुळे मला चूक आधी दिसते. पण आदल्याच दिवशी मुलगा म्हणाला होता, "आई, प्रत्येक गोष्टीत चुका काढू नकोस गं." म्हटलं, भाड्याच्या गाड्यांचं वेगळं असेल. गप्प बसले.

दोन तासांनी मागे लाल-निळे दिवे लागले. पोलीस सभ्य होता, पण गाडी कोणाचीही असो, चालवणारा जबाबदार. चिठ्ठी मुलाच्याच नावावर फाटली. नोंदणी झाल्याचा पुरावा दाखवून थोडं शुल्क भरलं की प्रकरण मिटतं म्हणे. तो पुरावा गाडीवाल्यांकडून मिळवताना मात्र बिचाऱ्याने किती फोन केले!

रात्री मी त्याला खरं सांगितलं. "मग बोलली का नाहीस?" त्याने विचारलं. त्याचंच वाक्य त्याला ऐकवणं जिवावर आलं.

तेव्हापासून ठरवलंय. भाजीतलं मीठ, नातवाचे केस यांवर अवाक्षर काढायचं नाही. औषध, गॅस आणि तारीख दिसली, की मात्र बोलायचं. मग कोणी रागावलं तरी चालेल.