पाहण्याचं देणं

इंग्लंडमधल्या जुन्या, लोकांसाठी खुल्या झालेल्या हवेल्यांत साठणाऱ्या धुळीचा तिथल्या संरक्षणतज्ज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे, आणि त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या धुळीचा मोठा वाटा घर पाहायला येणाऱ्यांच्या अंगावरूनच गळतो: कपड्यांचे तंतू, त्वचेचा कोंडा, बुटांना चिकटून आलेली माती. जाण्यायेण्याच्या वाटेवर ती दाट असते, वाटेपासून लांब जावं तशी विरळ होत जाते. हवा दमट असली तर ती नुसती बसत नाही, चिकटते. मग काढताना खालच्या पृष्ठभागाचाही कण सोबत घेऊन निघते. उजेडाचंही तसंच. रेशीम, जलरंग, रंगवलेलं सुती कापड अशा नाजूक वस्तूंसाठी 50 लक्स इतका मंद उजेड ठरवलेला असतो आणि वर्षाची मर्यादा साधारण 1,50,000 लक्स-तासांची. म्हणजे त्या अंधुक उजेडातही वर्षाला 3000 तासच. एकदा उडालेला रंग कितीही काळ पडद्याआड विसावा दिला तरी परत येत नाही. हे समजल्यावर प्रवासाविषयीची एक सोयीची समजूत टिकत नाही: आपण फक्त पाहिलं, कशाला हात लावला नाही, तिकीट काढलं आणि देणं फिटलं. पाहणाऱ्या प्रत्येकासाठी वस्तू थोडी खर्ची पडते. म्हणूनच स्वतःची सुट्टी एखाद्या परक्या ऐतिहासिक घरात राबण्यासाठी देणारी माणसं मला प्रवाशांमध्ये सर्वांत न्यायी वाटतात. झीज आपल्यामुळे होते, तर ती थोपवण्याच्या कामातही आपला हात असावा, एवढा साधा हिशेब त्यांनी केलेला असतो.

ब्रिटनमध्ये या हिशेबाला जुनी परंपरा आहे. 1895 साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टने 1967 पासून अशा श्रमसुट्ट्या सुरू केल्या आणि पुढे कित्येक दशकं त्या चालल्या. लोक राहण्याजेवणाचे पैसे स्वतः भरत, साध्या मुक्कामाच्या जागी एकत्र राहत आणि दिवसभर पायवाटा, कुंपणं, दगडी बांध दुरुस्त करत. घराच्या आतलं काम याहून संथ. हिवाळ्यात दारं बंद झाली की खिडक्यांच्या झडपा लागतात, खुर्च्यांवर खोळी चढतात, आणि ग्रंथालयात कपाटांचे कप्पे एकेक करून रिकामे होतात. पुस्तक मिटलेलंच घट्ट धरायचं, कण्याकडून पानांच्या मोकळ्या कडेकडे मऊ केसांचा ब्रश फिरवायचा, उडालेली धूळ जाळी बांधलेल्या व्हॅक्यूमच्या तोंडाकडे ढकलायची. हात कोरडे आणि स्वच्छ, कारण हातमोज्यांनी बोटांना पानाचा अंदाज येत नाही. सैल झालेली बांधणी, किड्याचं नवं भोक दिसलं की नोंद करायची, आणि पुस्तक होतं त्याच जागी ठेवायचं. जास्त घासलं तर झीज, कमी घासलं तर बुरशी. या दोन्हींच्या मधली वाट हाताला शिकावी लागते. मार्गदर्शकाच्या मागून चालणाऱ्याला त्या खोलीत सोनेरी कण्यांची एक भिंत दिसते. ब्रश धरणाऱ्याला त्यातलं एकेक पुस्तक वजनासकट कळतं.

अशा ग्रंथालयांपैकी एकाशी आपला संबंध वरवर दिसतो त्यापेक्षा फार जवळचा आहे. नॉरफोक परगण्यातलं ब्लिकलिंग हे सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात सर हेन्री होबार्ट यांनी बांधवलेलं लाल विटांचं घर. तिथे बारा हजारांहून अधिक ग्रंथ आहेत. त्यांचा गाभा अठराव्या शतकातले पुस्तकवेडे विद्वान सर रिचर्ड एलिस यांच्या संग्रहाचा. या घराचे शेवटचे खासगी मालक फिलिप कर, म्हणजे लॉर्ड लोथियन. होय, लोथियन समितीचेच. 1932 साली भारतात मताचा अधिकार कुणाला असावा हे ठरवण्यासाठी फिरलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य. तेव्हा मतदार होते सुमारे 70 लाख. समितीने तो आकडा साधारण 3 कोटी 60 लाखांवर न्यायची शिफारस केली, पण मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटी पूर्णपणे सोडल्या नाहीत. काही प्रांतांत अस्पृश्यांची संख्या नगण्य असल्याचं दाखवलं जात होतं. त्या संख्येच्या आणि व्याख्येच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी स्वतंत्र टिपण जोडलं. दोनच वर्षांनी, 1934 मध्ये, याच लोथियन यांनी नॅशनल ट्रस्टच्या वार्षिक सभेत वेगळा प्रश्न मांडला: वारसाकराच्या ओझ्याखाली मोठी घरं विकली, पाडली जात आहेत, त्यांचं काय करायचं? त्या भाषणातून निघालेली वाट 1937 च्या कायद्यापर्यंत गेली. मालकाने घर ट्रस्टला द्यावं आणि ते लोकांसाठी उघडावं, अशी सोय झाली. डिसेंबर 1940 मध्ये वॉशिंग्टनला राजदूतपदावर असताना लोथियन वारले आणि ब्लिकलिंग ट्रस्टकडे आलं. ते साम्राज्याच्याच चौकटीतले गृहस्थ होते, त्यांना संत करायचं कारण नाही. पण मालमत्तेवरून माणसाची लायकी मोजणाऱ्या काळातून ते घर बाहेर पडलं, आणि आज त्याची निगा राखायला कुणाच्याही नावावर गुंठाभर जमीन असावी लागत नाही. मला हे त्या ग्रंथालयातल्या कुठल्याही दुर्मीळ प्रतीइतकंच मोलाचं वाटतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. स्वखर्चाने विमानाने जायचं आणि जे काम कुणीतरी पगारावर करत होतं ते फुकट करायचं, ही पोट भरलेल्यांची हौस नाही का? आक्षेपात तथ्य आहे. 2020 च्या महासाथीत नॅशनल ट्रस्टने सुमारे तेराशे जणांना कामावरून कमी केलं. अशा वेळी फुकटच्या हातांकडे संशयाने पाहिलं जाणारच. संरक्षणतज्ज्ञाची जागा हौशी माणसाने कधीच घेऊ नये आणि स्वयंसेवकांच्या जिवावर पगार वाचवले जाऊ नयेत, ही अट मी पक्की मानते. पण हे काम मुळात कुणाचं होतं, तेही पाहावं. ही घरं मालकांच्या नावाने ओळखली जातात, पण ती उभी राहिली पहाटे शेगड्या पेटवणाऱ्या, चांदी घासणाऱ्या, मागच्या जिन्याने कोळसा वाहणाऱ्या माणसांवर. वेल्समधल्या एर्डिगच्या यॉर्क घराण्याने आपल्या नोकरांची चित्रं काढवून घेतली, त्यांच्यावर पद्यं रचून ती भिंतीवर लावली. तो अपवाद इतका दुर्मीळ आहे की एर्डिग त्यासाठीच ओळखलं जातं. बाकी घरांत त्या श्रमाची आठवण फक्त कामातच उरली आहे. आठवडाभर ते काम करणाऱ्याला त्या माणसांचं आयुष्य कळतं असं मुळीच नाही. त्याला रात्री सुटका असते, त्यांना नव्हती. पण घराचा इतिहास दिवाणखान्याकडून वाचायचा की मागच्या जिन्याकडून, हा प्रश्न त्याच्या मनात नक्की उभा राहतो.

दुसरा आक्षेप आपल्याला अधिक बोचणारा. वेल्समधल्याच पोविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने आणलेल्या वस्तूंचा संग्रह आहे, त्यात टिपू सुलतानाचा छापील सुती तंबू आहे. 2020 मध्ये ट्रस्टनेच अहवाल काढून आपल्या ताब्यातल्या 93 जागांचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध मांडले. मग भारतीय माणसाने लुटीची धूळ का झटकावी? माझं उत्तर असं की निगा राखणं म्हणजे मालकी मान्य करणं नव्हे. त्या तंबूवरचे वेल आणि फुलं भारतीय कारागिरांची आहेत. कापड जगलं तर त्यांचं कसब जगेल, आणि ते परत मिळावं अशी मागणी करायलाही ते शिल्लक असावं लागेल. शिवाय वस्तू कुठून, कशी आली हा प्रश्न बाहेरून विचारणाऱ्याला उत्तर टाळता येतं. रोज तिच्याजवळ उभं राहणाऱ्याला टाळणं अवघड जातं.

उरतो तिसरा: आपले वाडे ढासळत असताना परक्यांच्या घरी कशाला? याचं सर्वांत चांगलं उत्तर श्रमशिबिरांच्या जन्मातच आहे. पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने 1920 साली व्हर्दंजवळच्या एन या पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या फ्रेंच गावात पहिलं आंतरराष्ट्रीय शिबिर घेतलं, आणि त्यात जर्मनही होते. परक्याचं घर उभारणं हाच त्या कल्पनेचा प्राण. तेच सेरेसोल 1934 च्या भूकंपानंतर बिहारमध्ये गावं वसवायला आले. तेव्हा ते परके होते आणि घरं आपली होती. आज उलट दिशेने जायलाही दार अगदीच बंद नाही: ब्रिटनच्या साध्या अभ्यागत व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण 30 दिवसांपर्यंत विनावेतन सेवा करता येते. तिथे शिकलेला हात परत येतो तेव्हा तो इकडच्या कामाचाही असतो. आपल्याकडे गडांवर झाडोरा काढणारी, टाक्यांतला गाळ उपसणारी तरुण मुलं कमी नाहीत. त्यांना उणीव भासते ती चुन्याचा गिलावा, वाळवी, जुनं कापड यांच्याविषयीच्या नेमक्या, सावकाश ज्ञानाची. खरं तर हे ज्ञान आपल्याकडे खात्यासकट होतं. पेशव्यांच्या फरासखान्यात डेरे, कनाती, गालिचे, बिछायती सांभाळणारी माणसं नेमलेली होती. त्यांनी कसर कशी टाळली, पावसाळ्यात कापड कसं राखलं, त्यांना किती रोजमुरा मिळे, त्यांची नावं काय होती, यातलं जे काही पुण्याच्या मोडी दफ्तरांत सापडेल ते कुणीतरी नेटाने बाहेर काढायला हवं. लढायांच्या तारखा आपण पुष्कळ पाठ केल्या आहेत. आता डेऱ्यांना ऊन देणाऱ्यांची पाळी आहे.