एका नावासाठी थांबलेले स्मारक

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या खेड्याखेड्यांत, अनेकदा चर्चच्या आवारातच, दगडी क्रूस उभे राहिले. रणांगणावरील मृतदेह मायदेशी आणण्यास बंदी होती. त्यामुळे आईला फुले वाहण्यासाठी गावात मुलाची कबर नव्हती. होते ते केवळ दगडात कोरलेले त्याचे नाव.

लिंकनशायरमधील फुलस्टो गावात मात्र तेही नव्हते.

या गावचा शिपाई चार्ल्स किरमन. जखमी होऊन पुन्हा आघाडीवर गेलेला हा सैनिक पुढे पलायनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि सप्टेंबर १९१७ मध्ये त्याच्याच सैन्याने त्याला गोळ्या घातल्या. युद्ध संपल्यावर गावात स्मारकाचा विषय निघाला, तेव्हा किरमनचे नाव त्यावर नसेल असे सांगण्यात आले. त्यावर युद्धात बळी पडलेल्या इतरांच्या कुटुंबीयांनी निक्षून सांगितले, की तसे असेल तर आमच्या माणसांचीही नावे नकोत. ज्यांच्यापाशी त्या नावाखेरीज दुसरे काही उरणार नव्हते, त्यांनी हे म्हणावे!

फुलस्टोला स्मारक लाभले ते थेट २००५ मध्ये, किरमनच्या नावासह. देहदंड झालेल्या अशा ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने मरणोत्तर माफी दिली, ती त्यानंतरच्या वर्षी.