धावफलकाची पट्टी

टीव्हीवर क्रिकेट चालू असताना पडद्याच्या तळाशी धावसंख्येची पट्टी सतत असावी, हे मला अनेक वर्षं मान्य नव्हतं. बोईसरला मित्रांमध्ये मी त्यावर तावातावानं बोलत असे. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं, ते सांगतो.

माझी पिढी रेडिओवर वाढली. बाळ ज. पंडित मराठीतून समालोचन करायचे, तेव्हा मैदान डोळ्यांपुढे उभं राहायचं आणि आकडे मागून यायचे. दूरदर्शनवरही षटक संपलं की धावसंख्या यायची, क्षणभर थांबायची आणि जायची. मधल्या चेंडूंत बघायला फक्त खेळ असायचा. फिरकी सुरू झाल्यावर शॉर्ट लेगचा माणूस पाऊलभर आत सरकला, हेही नजरेला पडायचं. पुढे केबल आली आणि आकडे पडद्यावरून हलेनात. नजर खाली ओढली जाते, माणूस खेळ सोडून हिशेब बघत बसतो, असं माझं म्हणणं होतं. त्यात तथ्य आहे, हे मी आजही म्हणेन.

पण ते म्हणणं अख्खा सामना बसून बघणाऱ्याचं होतं. तारापूर एमआयडीसीत तेवढी सवड किती जणांना मिळते? इथले रासायनिक कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रिॲक्टर चालू असताना ऑपरेटरला जागा सोडता येत नाही. कोणी बदली उभं राहिलं तर तो कँटीनला येतो, हातात ताट घेऊन टीव्हीकडे बघतो. गोंगाटात समालोचन ऐकू येत नाही आणि षटक संपायची वाट बघायला वेळ नसतो. किती धावा, किती बाद, कोण खेळतंय, एवढं त्याला पहिल्या नजरेत हवं असतं. डहाणू लोकलमध्ये शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकावणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं. ही माणसं खेळावर माझ्याइतकंच प्रेम करतात. त्यांच्या वाट्याला सामना तुकड्यातुकड्यानं येतो, एवढाच फरक.

ही पट्टी सुचली तीही अशा मध्येच येणाऱ्या प्रेक्षकाच्या अडचणीतून. डेव्हिड हिल हा ऑस्ट्रेलियन निर्माता मूळचा क्रिकेटचाच. केरी पॅकरच्या चॅनल नाइनवर त्यानं क्रिकेटच्या प्रक्षेपणाचं रूप पालटलं. फुटबॉलचा सामना लावला की स्कोअर कळायला ताटकळावं लागतं, याचा त्याला वैताग होता. 1992 मध्ये इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा स्काय स्पोर्ट्सवर त्यानं स्कोअर आणि वेळ कोपऱ्यात कायमची ठेवली. 1994 मध्ये हीच कल्पना त्यानं अमेरिकेत फॉक्सवर नेली.

माझ्या मनातला उरलासुरला विरोध 17 जानेवारी 2021 ला संपला. ब्रिस्बेनची गॅबा कसोटी, तिसरा दिवस. ऑस्ट्रेलियाच्या 369 धावा, आपले 6 बाद 186. खेळायला आला शार्दुल ठाकूर, आपल्या पालघरजवळच्या माहीमचा. हैदराबादच्या पहिल्या कसोटीत दहाच चेंडू टाकून जायबंदी झालेला, लोकलनं मुंबईला खेपा घालून घडलेला मुलगा. कमिन्सला षटकार मारून त्यानं खातं उघडलं. वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123 धावांची भागी झाली, ठाकूर 67. त्या सकाळी मी खेळाइतकाच पट्टीकडे बघत होतो. समालोचकानं नाव घेतलं की ते हवेत विरतं. तिथे मात्र आमच्या भागातलं नाव ठाण मांडून होतं आणि शेजारचा आकडा वाढत होता. रात्रपाळी करून आलेल्याला, पहिल्या पाळीतून चोरून बघणाऱ्याला, सगळ्यांना ते एकसारखं दिसत होतं.

एका गोष्टीला माझा विरोध आजही कायम आहे. जिंकण्याची शक्यता इतके टक्के, हा आकडा पट्टीत नको. धावसंख्या ही घडलेली गोष्ट असते, टक्केवारी हा कोणीतरी मांडलेला अंदाज. दोन्ही एकाच अक्षरांत शेजारी शेजारी छापले की बघणाऱ्याला अंदाजही घडल्यासारखा वाटतो. 6 बाद 186 वर ज्यांनी त्या दिवशी टीव्ही बंद केला, त्यांचं किती मोठं नुकसान झालं!

आता आपल्याकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धाही यूट्यूबवर थेट दिसतात, तशाच पट्टीसह. ही प्रक्षेपणं चालवणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे. फलंदाजाच्या जागी नुसता ‘खेळाडू 7’ ठेवू नका. सामन्याआधी पाच मिनिटं काढा, दोन्ही संघांकडून नावं विचारून घ्या आणि ती पूर्ण, बिनचूक, शक्य तर देवनागरीत लिहा. प्रायोजकाची जाहिरात त्या नावावर येऊ देऊ नका. त्या मुलाचे आईवडील कुठल्यातरी पाळीत असतील आणि सामना बघायला त्यांच्याकडे दोनच मिनिटं असतील.