वाटेतली प्रकरणे

नियम बदलला की आज्ञावली लिहिणाऱ्याला पाचारण करावे लागू नये, कचेरीतल्या अधिकाऱ्याने मंजुरीची मर्यादा, टप्प्यांचा क्रम आणि सह्यांचे अधिकार स्वतःच फिरवावेत, या एका ध्यासात माझी उमेदीची वर्षे गेली. आणि तशी प्रणाली दाखवताना समोरच्याच्या मुद्रेवर उमटणाऱ्या विस्मयाची मला चटक लागली, हेही खरे आहे. नियम बदलताना मंजुरीच्या वाटेत असलेल्या प्रकरणांविषयी कोणी विचारलेच, तर ‘जुनी जुन्या नियमाने, नवी नव्याने’ हे माझे ठरलेले उत्तर असे. अलीकडे हाताखाली शिकणारी एक मुलगी ते ऐकून म्हणाली, ‘पण सर, नवा नियम निघाला तोच मुळी या अडकलेल्या प्रकरणांमुळे ना?’

तेव्हापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. एक बिल घ्या. पूर्वी भांडाराची तपासणी आणि लेखा विभागाची पडताळणी एकाच वेळी चालत. नव्या हुकुमान्वये लेख्याची सही आधी, भांडाराची त्यानंतर. आता ज्या बिलावर भांडारपालाची सही होऊन चुकली आहे आणि लेख्याची व्हायची आहे, ते नव्या क्रमात ठेवायचे कोठे? तशी अवस्था त्या क्रमात अस्तित्वातच नाही. झालेली सही रद्द करावी, तर प्रत्यक्ष घडलेली तपासणी खोटी ठरते. ग्राह्य धरावी, तर ज्या दक्षतेसाठी क्रम बदलला तीच निष्फळ होते. कार्ल आडाम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून उगम पावलेल्या, अवस्था आणि टप्पे दाखवणाऱ्या जाळ्यांच्या आकृतीत हा पेच लख्ख दिसतो. सुटत मात्र नाही.

चौकटी ओढून बाण जोडले की कार्यप्रवाह तयार, असे सांगत फिरणाऱ्या विक्रेत्यांचा मला राग येतो तो याचसाठी. त्यांच्या प्रात्यक्षिकातले प्रत्येक प्रकरण पहिल्या चौकटीपासूनच निघते. कायदा करणाऱ्यांना मात्र वाटेतली प्रकरणे दिसतात: १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा जुन्या करांची शिल्लक वजावट पुढे कशी ओढावी, आधी विकलेला माल नंतर परत आल्यास काय करावे, यासाठी कायद्यात संक्रमणकालीन तरतुदींचे स्वतंत्र प्रकरणच घातले गेले. आमच्या हाती पडणाऱ्या परिपत्रकात मात्र ‘तात्काळ अंमलात येईल’ एवढेच असते.

म्हणून आता नवा नियम जारी होण्यापूर्वी माझी प्रणाली प्रलंबित प्रकरणांची यादी पुढे ठेवते, आणि ज्यांना नव्या क्रमात जागा नाही त्यांतल्या प्रत्येकावर अधिकाऱ्याचा शेरा मागते. शेरा नाही, तर अंमल नाही. ग्राहक कुरकुरतात. मुलीचे म्हणणे असे की, अशा अवस्थांची वर्गवारी केली तर निवाड्याचा नियमही कोष्टकात बसेल. मला ते पटत नाही. निवाडा करणाऱ्याचे नाव त्या बिलावर राहिलेच पाहिजे. तिने वर्गवारी सुरू केली आहे, आणि मी तिला अडवलेले नाही.