पाट सरकारचा, पाझर कुणाचा?

आमच्या पाणी वापर संस्थेची निवडणूक बिनविरोध झाली आणि संचालकांच्या यादीत माझं नाव आलं. शेती आजोबांपासूनची, पण कालव्याचा कारभार मी कधी बघितला नव्हता. शेजपाळी, कोटा, थकबाकी हे सगळं एक वेळ समजलं. डोकं फिरलं ते विहिरींपाशी.

चारीच्या तोंडाशी असलेले काही बागायतदार पाण्याची मागणीच नोंदवत नाहीत. आवर्तन सुटलं की थोड्याच दिवसांत त्यांच्या विहिरींना पाणी चढतं. एका विहिरीत मी वाकून पाहिलं. कालव्याच्या अंगाला मुरमाच्या थरातून बारीक झरे सुटलेले, समोरची बाजू ठणठणीत कोरडी. टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या लोकांना मात्र भरलेल्या पट्टीचंही पाणी पुरत नाही. या पाझराची पट्टी कोण भरतं, असं मी बैठकीत विचारलं.

"अगं, विहीर त्यांच्या गटात आहे ना? मग पाणी त्यांचंच की," सचिवकाका म्हणाले.

कायदे वाचायला घेतले आणि आणखीच चक्रावले. कालव्यातलं पाणी १९७६ च्या पाटबंधारे कायद्यात, संस्थेचा घनमीटरमधला कोटा २००५ च्या कायद्यात. तेच पाणी बांधाखालून झिरपलं, की १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार ते उपसायचा हक्क जमीनमालकाचा. शिवाय राज्याचा २००९ चा भूजल कायदा, २०१४ पासून लागू झालेला. अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला त्यात मनाई आहे. गंमत म्हणजे भूजलाचं राज्य प्राधिकरण म्हणून या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणालाच नेमलंय, म्हणजे कालव्याच्या पाण्याचे हक्क ठरवणाऱ्यांनाच! कागदावर दोन्ही पाणी एकाच टेबलावर. गावात मात्र कालव्याच्या पाण्याची मोजणी पाटबंधारे शाखेकडे आणि विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे.

नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा मला तो आडमुठेपणा वाटला होता. गळती थांबली तर टेलला पाणी पोचेल, यात वाईट काय? आता कळतं की ज्याला अभियंता गळती म्हणतो, त्यावरच कालव्याकडेच्या कित्येक बागा उभ्या आहेत. आणि टेलचा शेतकरीही खोटं बोलत नाही. दोघांच्या भांडणात मी कुणाच्या बाजूने हात वर करावा, हे अजून ठरत नाही. एवढं नक्की, की पाझराचं पाणी कुणाच्याच हिशेबात धरलेलं नसताना कालव्यावर काँक्रीट ओतणं म्हणजे अर्धीच वही बघून वाटणी करणं.

तुम्हीही कुठल्या संस्थेवर नव्याने निवडून आला असाल, तर पहिल्याच बैठकीत लाभक्षेत्रातल्या विहिरींची यादी मागा. आमच्याकडे ती नव्हती; आता करायला घेतली आहे.