तिसरी किल्ली

भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव आता भातशेतीपेक्षा गोदामांसाठीच अधिक ओळखले जाते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची छपरे, शटरे आणि शटरांच्या पायाशी जाडजूड कुलपे. अशा गावात राहूनही आम्हां उभयतांना, म्हणजे महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या जोडप्याला, स्वतःच्या दाराच्या कुलपाचा विचार करायला चाळिशी उलटावी लागली.

निमित्त झाले गेल्या पावसाळ्यात. आम्ही दोघेही तासावर होतो आणि घरात आई पडल्या. खुब्याचे हाड मोडले. उठून दारापर्यंत येणे शक्य नव्हते. दाराला ओढले की लागणारे कुलूप, आणि किल्ल्या आमच्या खिशात. हाका ऐकून शेजारच्या वहिनींनी नाक्यावरून चावीवाल्याला आणले. त्याने दोन तारा घालून काही मिनिटांत दार उघडले. आम्ही पोहोचलो तेव्हा आई इस्पितळात होत्या.

दोन दिवस आम्ही त्या माणसाचे उपकार आठवत राहिलो. तिसऱ्या रात्री दुसराच विचार मनात आला : त्याने उघडले, तसे कोणीही उघडील.

मग आम्ही न उघडणाऱ्या कुलपाच्या शोधात निघालो. सवयीप्रमाणे आधी वाचन झाले. नेहमीच्या कुलपात दोन तुकड्यांच्या खुंट्या स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. योग्य किल्लीने सगळ्या खुंट्यांचे सांधे एका रेषेत येतात आणि आतला दंडगोल फिरतो. भोके मात्र यंत्रावरही तंतोतंत एका ओळीत पडत नाहीत. त्यामुळे दंडगोलावर हलका ताण दिला की खुंट्या एकेक करून अडकतात, आणि सरावलेल्या बोटांना ते कळते. भारी कुलपांत काही खुंट्या डमरूच्या आकाराच्या करतात. त्या बोटांना खोटीच ग्वाही देतात. फिनलंडमध्ये १९०७ साली एमिल हेन्रिकसन यांनी स्प्रिंगच काढून टाकल्या आणि फिरणाऱ्या चकत्यांचे कुलूप रचले.

मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा उद्योग आरंभला १८९७ साली. त्याच्या बऱ्याच आधी लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांच्या कारखान्याने दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडले होते. उघडणाऱ्यास दोनशे गिनी. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले, पण त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. म्हणजे ‘न उघडणारे’ हे विशेषण सापेक्ष आहे. आपण विकत घेतो तो केवळ वेळ.

हे ज्ञान घेऊन आम्ही त्याच चावीवाल्याकडे गेलो. माहितीपत्रक निरखून तो म्हणाला, “सर, हे माझ्याच्यानं नाही उघडणार. पुन्हा आजी पडल्या तर दार तोडायला लागेल.” मग घरी येऊन त्याने चौकटीवर बोटे वाजवली. “आणि चोर कशाला तारा घालत बसेल? ही पट्टी बघा, अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर आहे. एक लाथ पुरे.”

आम्ही निरुत्तर झालो. ज्या दुबळेपणाने आई वाचल्या, तोच दुबळेपणा काढून टाकायला आम्ही काही हजार रुपये मोजायला निघालो होतो.

कुलूप हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून आलेला, चावी पोर्तुगिजांची. अडसर मात्र आपला जुना. आम्ही वर्गात हे व्युत्पत्तीपुरते सांगत आलो. त्यातला भेद आता कळला. अडसर आतून लागतो, म्हणजे घरात माणूस आहे. कुलूप बाहेरून लागते, म्हणजे घर रिकामे आहे. दिवसभर आईंना आत ठेवून आम्ही दार ओढून घेत होतो, तेव्हा त्या दारामागे माणूस होते आणि दार मात्र रिकाम्या घराचे होते.

शेवटी कुलूप भारीच घेतले, पण आतून किल्लीवाचून, नुसती मूठ फिरवून उघडणारे. चौकटीची पट्टी बदलून लांब स्क्रू भिंतीपर्यंत नेले. राहिला किल्ल्यांचा प्रश्न. त्या तीन; चौथी हवी तर कंपनीचे कार्ड दाखवावे लागते, नाक्यावर ती होत नाही. दोन आमच्याकडे राहिल्या. तिसरी कपाटात ठेवावी, असे आम्ही आठवडाभर एकमेकांना पटवत होतो. इस्पितळातून परतलेल्या आईंनीच विचारले, “मी पडले तर कपाट येणार का दार उघडायला?”

तिसरी किल्ली आता शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली आहे. त्यांचे दार दुपारभर सताड उघडे असते. आमच्या महागड्या कुलपाचे सारे बळ तेवढ्या एका खिळ्यावर लटकते आहे. पण आता तासावर असताना फोन वाजला की, आम्हां दोघांच्या छातीत पूर्वीसारखे धस्स होत नाही.